खड्डा की सावली?

भिंतीवरचे 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो कसे निघतात, ते आधी सांगून टाकते. 'आधी'च्या वेळी पेशंटला डोक्यावरच्या ट्यूबलाइटखाली उभं करायचं, हनुवटी किंचित खाली, चेहरा गंभीर, केस मागे ओढलेले. 'नंतर'च्या वेळी समोर गोल दिवा, हनुवटी वर, ओठांवर थोडं हसू. मधल्या काळात सुई टोचलीच नाही, तरी डोळ्यांखालचा खड्डा निम्मा भरल्यासारखा दिसतो. उजेड वरून आला की खोलगट जागेत सावली साठते, समोरून आला की ती धुऊन निघते. त्यात गुपित म्हणावं असं एवढंच. सगळेच दवाखाने असं करतात असं मी म्हणणार नाही. पण मी जिथे काम शिकले तिथे हे चक्क कौशल्य म्हणून शिकवलं जायचं.

माझं काम काउन्सेलरचं. नागपुरात धंतोली-रामदासपेठेत त्वचेचे आणि प्लास्टिक सर्जरीचे दवाखाने एकमेकांना खेटून उभे आहेत, त्यातल्याच एकात काचेच्या केबिनमध्ये मी बसते. डॉक्टर आत, पैशांची बोलणी बाहेर. माहेर बोरगावचं. बोरगाव म्हटलं की नागपूरकरांना छिंदवाडा रस्त्यावरचा रेमंडचा कापड कारखाना आठवतो, बाकी काही नाही. 2023 मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला तेव्हा सौंसर तालुक्याबरोबर आमचं गावही छिंदवाड्यातून तिकडे गेलं. राज्य मध्य प्रदेश, कागदपत्रं हिंदीत, घरात मराठी, आणि मोठं दुखणं असलं की नागपूर. त्यामुळे सौंसर, बोरगाव, पांढुर्ण्याकडचं कोणी आलं की डॉक्टरांच्या आधी मला शोधतं. मी 'आपली' ना!

आणि बोलणं ठरलेलं. "डोयाखाली लय कायं झालं जी, खड्डे पडले. ते इंजेक्शन टाकून द्या."

कुठलं इंजेक्शन, हे मोबाइलवर पाहून ठरलेलं असतं. पैसे किती, हे जावेला विचारून ठरलेलं असतं. खड्डा आहे की नाही, एवढंच ठरायचं बाकी असतं.

आमच्या डॉक्टरांची तपासणी बघायला मला अजूनही आवडते, कारण तिला यंत्र लागत नाही. हातात आरसा देतात आणि मान मागे टाकून छताकडे तोंड करायला सांगतात. काळेपणा गेला तर ती सावली होती, म्हणजे खरा खड्डा. तसाच राहिला तर तो कातडीचा रंग. मग बोटाने खालची कातडी हलकेच ताणतात. ताणल्यावर जांभळट छटा वाढली तर ती आतल्या रक्तवाहिन्यांची आणि स्नायूची. पापणीची कातडी जेमतेम अर्धा मिलीमीटर, आख्ख्या शरीरात सगळ्यात पातळ, त्यामुळे आतलं बाहेर दिसायचंच. रंगावर फिलर भरून काही होत नाही. आधी सपाट काळं होतं, नंतर फुगीर काळं होतं. पैसे मात्र दोन्हीकडे सारखेच जातात.

पापणी खाली ओढलीच आहे तर आतला भागही बघतात. तो फिकट निघाला की हिमोग्लोबिनचा कागद लिहून मिळतो. आपल्या देशात 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायका रक्तक्षयाच्या, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातच आहे, त्यामुळे हा कागद वारंवार लिहिला जातो. रक्तक्षयाने खड्डा पडत नाही, पण फिकट चेहऱ्यावर आहे तो खड्डा जास्त उठून दिसतो. एकदा रात्रपाळीचा पोरगा आला होता. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळसर, सांधे दुखतात म्हणाला. त्याला सिकलसेलच्या तपासणीला पाठवलं. आमच्या पट्ट्यात हा आजार घराघरांत माहीत आहे, तरी तो डोळ्याखाली क्रीम काय लावू, हेच विचारत होता.

या केबिनमध्ये ऐकलेल्या किश्श्यांत गोटमारीचा सगळ्यात वरचा.

बाहेरच्या वाचकांसाठी: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि झेंडा हाती लागेपर्यंत दगड. प्रशासनाने मध्ये एकदा दगडांऐवजी रबरी चेंडू पुरवून पाहिले. ते कोणी मनावर घेतले नाहीत.

तर तिशीतला एक दुकानदार आला. लग्न जमत नव्हतं. "पोरगी पाह्याले गेलो की सारे माह्या एकाच डोयाकडे पाह्यतात." डावा डोळा खोल, उजवा ठीक. फिलरचे पैसे खिशात घेऊनच आला होता आणि डावीकडेच भरायचं म्हणून निम्मे करून मागत होता. मी आकडा काढायला घेतला, तेवढ्यात डॉक्टरांनी आत बोलावलं. कापसाचा बोळा दोन्ही गालांवर फिरवला. डावीकडे स्पर्श बोथट. वरचे दात? तेही डावीकडचे बधिर, बरीच वर्षं. मान न हलवता वर बघायला सांगितलं. "वर कित्ती पंखे आहेत?" "दोन." पंखा एकच होता.

"कधी लागलं होतं?"

"गोटमारीत. पाच-सहा वर्सं झाली. तवा डोया सुजला होता, मंग बसला. घरी नाही सांगितलं."

सीटी स्कॅनमध्ये डोळ्याच्या खोबणीचा तळ मोडलेला निघाला. तळाचं हाड कागदासारखं पातळ असतं. ते फुटलं की आतली चरबी गालामागच्या पोकळीत उतरते आणि डोळाच मागे सरकतो. गालाला संवेदना देणारी नस त्याच तळातून जाते, म्हणून बधिरपणा. अशा डोळ्याखाली जेल भरलं असतं तर वरवरचा खड्डा थोडा बुजला असता आणि खरं दुखणं झाकलं गेलं असतं. त्याला चेहऱ्याच्या सर्जनकडे पाठवलं, तळाला टायटॅनियमची जाळी बसली. इतक्या उशिरा केलेलं काम पूर्ण जमत नाही. डोळा बराच वर आला, अगदी टोकाला वर पाहिलं की अजून दोन दिसतं. त्या महिन्यात माझं टार्गेट चुकलं, पण हा किस्सा मी सगळ्या नव्या मुलींना सांगते. खड्डा एकाच बाजूला असेल तर दरपत्रक बंद करून ठेवायचं.

एकाच बाजूचा दुसरा एक निवृत्त मास्तरांचा होता, तो काचबिंदूच्या थेंबांचा निघाला. थेंब एकाच डोळ्यात चालू होते, आणि त्यातल्या काही औषधांनी डोळ्याभोवतीची चरबी आटते. थेंब मनाने बंद करायचे नसतात. नेत्रतज्ज्ञांना विचारून बदलता येतात. मास्तरांनी मला त्यावर अर्धा तास व्याकरणशुद्ध भाषेत धन्यवाद दिले.

आता खऱ्या खड्ड्यांकडे येते. नाकाच्या कोपऱ्यापासून गालाकडे तिरपी उतरणारी खाच काहींना विशीतच असते, आईची आणि आजीचीही तशीच असते. बाकीच्यांत वयाप्रमाणे गालाची चरबी ओसरते, हाड थोडं झिजतं, आणि कातडी जिथे आतून हाडाला बांधलेली आहे तिथे ओढ बसते. इथे फिलर चालतं. फिलर म्हणजे बहुतेक वेळा हायलुरॉनिक ॲसिडचं जेल. हा पदार्थ कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी 1934 साली न्यूयॉर्कमध्ये पहिल्यांदा वेगळा केला, तोही गायीच्या डोळ्यातल्या द्रवातून. आजचं जेल जिवाणूंकडून तयार करून घेतात, त्यामुळे उपवासाच्या दिवशी टोचलं तर चालेल का, या प्रश्नाला मी बिनदिक्कत हो म्हणते. खास डोळ्याखालच्या खड्ड्यासाठी म्हणून अमेरिकेच्या एफडीएने पहिलं फिलर मंजूर केलं ते 2022 मध्ये. त्याआधीची कित्येक वर्षं डॉक्टर आपल्या जबाबदारीवर तेच जेल तिथे भरत होते.

एक मिलीलिटरच्या सिरिंजला वीस हजारांच्या पुढेच आकडा जातो, आणि इथेच माझ्यासारखीची परीक्षा असते. पेशंटला वाटतं, सिरिंज विकत घेतली तर ती पूर्ण रिकामी व्हायला हवी. दवाखान्यालाही तसंच वाटलं तर सोय होते. पण हे जेल पाणी धरतं. जास्त भरलं की सकाळी डोळे सुजल्यागत दिसतात. फार वरच्या थरात भरलं की कातडीतून निळसर झाक मारते, आणि काळं घालवायला आलेली बाई निळं घेऊन जाते. वर्षभरात विरतं असं आम्ही सांगतो, पण काहींच्या डोळ्यांखाली ते कित्येक वर्षांनी एमआरआयवर सापडलेलं आहे. दरवर्षी 'टच-अप'ला बोलावणाऱ्यांनी हे वाचलेलं नसतं, किंवा वाचून ठेवून दिलेलं असतं.

दवाखाना कसा निवडायचा हे कोणी विचारलं तर मी झुंबराकडे बघू नका, फ्रिजकडे बघा असं सांगते. त्यात हायलुरॉनिडेझ आहे का? हे जेल विरघळवणारं एन्झाइम. जेल चुकून रक्तवाहिनीत गेलं तर पुढचा भाग पांढरा पडतो, जाळीदार डाग उठतात, दुखतं. चेहऱ्याच्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिनीला आतून जोडलेल्या आहेत, त्यामुळे क्वचित नजरही जाते. 2015 साली जगभरच्या वैद्यकीय अहवालांतून फिलरमुळे दृष्टीवर परिणाम झालेल्यांची अशी 98 प्रकरणं एकत्र मांडली गेली. सगळ्यांत जास्त धोका भुवयांमधल्या आणि नाकाच्या जागेला, पण डोळ्याखालची जागा काही लांब नाही. अशा वेळी हिशेब मिनिटांचा असतो. बोरगावला परत जायला तासावर लागतो, आणि मध्ये सावनेरला ट्रकांची रांग लागली तर विचारूच नका. म्हणून तिकडच्या पेशंटला मी त्या रात्री नागपुरात नातेवाइकाकडे मुक्काम करायला लावते. आणि दुखलं तर मला फोटो पाठवत बसायचं नाही, थेट यायचं.

हे ऐकून कोणी म्हणतं, मंग गावातच पार्लरवाली पेन लावते, सुईच नाही. बिनसुईच्या त्या दाबाच्या पेनाविरुद्ध एफडीएने 2021 मध्ये स्पष्ट इशारा दिलेला आहे. दाबाने जेल कुठल्या थरात गेलं हे मारणाऱ्यालाही कळत नाही. आमच्याकडच्या एका ताईने तो पेन ऑनलाइन मागवला होता. मी तिला फ्रिजचा प्रश्न विचारला. तिच्या फ्रिजमध्ये मेंदीचे कोन होते.

पीआरपी, म्हणजे स्वतःचं रक्त फिरवून त्यातला भाग टोचणं, गावाकडे फार लोकप्रिय. "आपलंच हाये, नुकसान काय?" कातडीचा पोत थोडा सुधारतो, पण खड्डा भरत नाही. पोटाची किंवा मांडीची चरबी काढून भरणं जुनं आहे. गुस्ताव नॉयबर या जर्मन सर्जनने 1893 मध्येच दंडाची चरबी घेऊन डोळ्याजवळचे खोल व्रण भरले होते. पण पापणीखाली तिची गाठ झाली तर ती विरघळवायला फ्रिजमध्ये काही नसतं.

आणि ज्यांना वर पिशवी आणि खाली खाच, त्यांना मी शेतातलं उदाहरण देते. धुरा उंच झाला म्हणून शेजारची नाली खोल दिसते. नाली बुजवत बसलात तर सगळंच उंच होतं. तिथे धुराच सपाट करावा लागतो, म्हणजे शस्त्रक्रिया. पापणीच्या आतल्या बाजूने पिशवीतली चरबी खाचेत पसरतात, बाहेर व्रण दिसत नाही. बाबूजी लोकांना हे लगेच पटतं, बायकांना ऑपरेशन शब्दाचीच धास्ती.

गेल्या लग्नसराईत सौंसरकडच्या एक संत्रेवाल्या बाई लेकीला घेऊन आल्या. मृगाच्या बहाराचा पैसा हाती आलेला, लग्नाला पंधरा दिवस. डॉक्टरांनी दारातच नाही म्हटलं. फिलरने आलेला निळा डाग दोन आठवडे राहू शकतो. इंजेक्शन घ्यायचं तर लग्नाच्या निदान महिनाभर आधी. तपासलं तर मुलीला खड्डा नव्हताच. धुळीची ॲलर्जी, सारखे डोळे चोळायची, त्याने कातडी काळवंडलेली. थेंब लिहून दिले, चोळायची सवय मोडायला सांगितली. मेकअपवालीला मी निरोप दिला की कन्सीलरच्या आधी संत्र्याच्या रंगाचा करेक्टर लाव, निळंजांभळं त्याखालीच मरतं. फोटोग्राफरला म्हटलं, दिवा समोर ठेव. भिंतीवरच्या फोटोंची विद्या अशी कामी आली.

खड्डा होता तो आईला. ती जाताना दारात थबकली. "माये झाले तर?"

लग्नानंतर ती एकटीच आली. दोन्हीकडे मिळून अर्ध्या मिलीलिटरच्या आत काम झालं, रात्र बहिणीकडे नंदनवनला काढली. आठ दिवसांनी तिचा फोन आला. मालकाच्या काही ध्यानात आलं का, मी विचारलं.

"म्हणे, लेक उजवली तं तुह्या जिवाले आराम पडला, बरी दिसू राह्यली. मी हाव म्हटलं." मग आवाज खाली. "आन् बिल लेकीनं भरलं, ते त्याहीले सांगू नका बरं. त्याहीनं इच्यारलं तं म्हणा, चश्म्याचे पैसे होते."