रेच्यापाशी

कापसातली सरकी आणि रुई वेगळी करणाऱ्या रेच्याचा रोलर म्हणजे दांड्यावर ओवून घट्ट दाबलेल्या चामड्याच्या चकत्या, वर तिरप्या खाचा. कापसाचे तंतू त्या खरखरीत चामड्याला धरतात आणि टेकलेल्या पात्याखालून ओढले जातात. सरकी मात्र तिथेच अडते. हलतं पातं तिला टोले देतं, ती खाली पडते. पात्याचा दाब जास्त झाला की रोलर तापतो, चामडं झिजतं. कमी पडला की उतारा घटतो.

नागपुरात सिरकॉट या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेच्या जिनिंग प्रशिक्षण केंद्रात आफ्रिकेतून आलेले तंत्रज्ञ हा दाब लावायला शिकत होते. भारताने २०१२ साली आफ्रिकी देशांसाठी सुरू केलेल्या कापूस साहाय्य कार्यक्रमातून अशी प्रशिक्षणं झाली. पान्हा हातोहात फिरत होता. दुभाषा फ्रेंचमध्ये सांगेपर्यंत काहींनी नुसत्या आवाजावरून दाब ओळखलाही होता. पश्चिम आफ्रिकेत बहुतेक जिनिंग करवती यंत्रांवर चालतं. काम झपाट्याने उरकतं, पण तंतू अधिक तुटतात. एकाने रेच्यातली रुई चिमटीत धरून ओढली, पुन्हा ओढली, सरळ झालेले तंतू बोटावर ठेवून लांबी पाहिली. आपल्याकडचे जाणते व्यापारी अगदी असेच पाहतात.

लांबी, ताकद, तलमता आणि कचरा यांवर गाठीचा भाव ठरतो. पोत्याचा एक प्लास्टिकचा धागा रुईत गेला, तर तो रंग धरत नाही आणि विणलेल्या कापडात डाग होऊन उठतो. पश्चिम आफ्रिकेतला कापूस हाताने वेचलेला, म्हणजे मुळात चांगला. तो जिनात बिघडला, तर नुकसान शेतकऱ्यापर्यंत पोचतं. म्हणून हे शिक्षण मला फार मोलाचं वाटतं.

पण याच कार्यक्रमातल्या बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली यांनी २००३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेकडे मागितलं होतं ते वेगळंच: श्रीमंत देशांनी कापसावरची अनुदानं बंद करावीत. निर्यात अनुदानं संपवण्याचा निर्णय २०१५ साली नैरोबीत झाला. देशांतर्गत अनुदानांचा प्रश्न अजून लोंबकळतो आहे. प्रशिक्षण दिलं म्हणून ती मागणी फिटली, असं कुणी धरू नये.

आणि प्रशिक्षणही एका खेपेत संपत नाही. रोलर झिजणार, खाचा बुजणार. तेव्हा चकत्या आणि खाचा पाडायचं यंत्र तिथेच मिळायला हवं. बेनिनमध्येही या कार्यक्रमातून केंद्र उभारलं गेलं. पैसा आधी अशा ठिकाणी जावा, परिषदांना नंतर.