परक्या मैदानावर आपला खेळ

फुटबॉलचा सामना मैदानावर नव्वद मिनिटें चालतो. परंतु ज्या शहराला ह्या खेळाचें खरें वेड असतें, तेथें तो कित्येक दिवस आधींपासून चहा-कॉफीच्या टेबलांभोंवतीं खेळला जात असतो. कोणाला घ्यावें, कोणाला वगळावें, आघाडी कशी रचावी, बचाव कोणाकडे सोंपवावा, ह्यांविषयीं तेथें तावातावानें वाद होतात. सामना घरच्या मैदानावर असला म्हणजे ह्या वादांत एक प्रकारची निश्चिंती असते. तोच परमुलखांत असला म्हणजे मात्र वादाचें स्वरूप पालटतें. आपण आपल्या नेहमींच्या पद्धतीनें खेळावें, कीं परकें मैदान ओळखून पद्धत बदलावी, हा एकच प्रश्न मग निरनिराळ्या वेषांनीं पुढें येऊं लागतो. ह्या प्रश्नाचा उलगडा करण्यास १९३२ सालच्या व्हिएन्ना शहराइतकें बोलकें उदाहरण क्वचितच सांपडेल.

पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाचें जुनें साम्राज्य मोडलें आणि एका अवाढव्य राज्याची ही राजधानी एका चिमुकल्या देशाच्या पदरीं आली. १९३१ च्या मे महिन्यांत तेथील क्रेडिटआन्स्टाल्ट ही मोठी पेढी डबघाईस आल्याचें जाहीर झालें व बेकारीनें गांजलेल्या लोकांचा उरलासुरला धीरहि सुटला. अशा दिवसांत व्हिएन्नाच्या लोकांना अभिमानानें मान वर करण्यास जागा होती ती फुटबॉलच्या मैदानावर. युरोप खंडावर धंदेवाईक खेळाडूंची पहिली साखळी स्पर्धा १९२४ सालीं सुरू झाली ती ह्याच शहरांत. आणि खेळाची चर्चा करावयास तेथें कॉफीगृहें होतीं. एक पेला कॉफी मागवून तासन् तास बसावें, दहा वर्तमानपत्रें चाळावीं व त्यांतील प्रत्येक मताचें खंडन करावें, हा तेथील शिरस्ता. एकेका क्लबाच्या भक्तांचें कॉफीगृह ठरलेलें असे. रिंग कॅफेंत तर वार्ताहर, खेळाडू, क्लबांचे चालक आणि निव्वळ हौशी असे सर्वच जमत.

ह्या वादपटूंचें मुख्य लक्ष्य म्हणजे ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय संघाची निवड करणारे ह्यूगो माइस्ल. हे गृहस्थ पूर्वीं बँकेंत नोकरीस होते. अनेक भाषा त्यांना अवगत होत्या आणि खेळाच्या संघटनेंत त्यांचा शब्द अखेरचा मानला जाई. त्यांच्यावर टीका होई ती प्रामुख्यानें एका खेळाडूवरून. त्या खेळाडूचें नांव माटियास झिंडेलार. १९०३ सालीं मोराव्हियांत जन्मलेला व व्हिएन्नाच्या फाव्होरिटेन ह्या कामकरी वस्तींत वाढलेला हा तरुण इतका सडपातळ होता, कीं लोक त्याला 'कागदी माणूस' म्हणत. धक्काबुक्की टाळून, चेंडू जमिनीलगत ठेवून, जवळच्या सोबत्याला अचूक देत-घेत पुढें सरकावयाचें, ही त्याची रीत होती आणि हीच व्हिएन्नाची आवडती रीत होती.

१९२९ च्या जानेवारींत न्यूरेंबर्ग येथें दक्षिण जर्मनीच्या संघाशीं सामना झाला. मैदानावर बर्फ पडलेलें. तशा जमिनीवर आंखूड पासांची ती नाजूक वीण उसवली आणि ऑस्ट्रियाला ०–५ अशी हार खावी लागली. त्यानंतर माइस्लनीं झिंडेलारला दीर्घकाळ संघाबाहेर ठेवलें. परक्या मैदानावरील एका पराभवावरून एवढा मोठा निष्कर्ष काढावा काय, हा कॉफीगृहांतील मुख्य वाद झाला. झिंडेलार आणि उंचापुरा ग्श्वाइड्ल हे दोघेहि मधल्या आघाडीचे खेळाडू. त्यांना एकाच संघांत शेजारीं शेजारीं खेळवावें, असा रसिकांचा आग्रह होता. अखेर १९३१ सालीं रिंग कॅफेंत वार्ताहरांच्या गराड्यांत सांपडलेल्या माइस्लनीं एका कागदावर अकरा नांवें खरडून तो कागद त्यांच्यापुढें फेंकला व हा घ्या तुम्हां बोरूबहाद्दरांचा संघ, अशा अर्थाचे उद्गार काढले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेंत मीठमसाला किती तें असो. त्यानंतर जें घडलें तें मात्र नोंदलेलें आहे. १६ मे १९३१ रोजीं ह्या संघानें व्हिएन्नांत स्कॉटलंडला ५–० असें हरविलें. स्कॉटलंडच्या त्या संघांत ग्लासगोच्या दोन बलाढ्य क्लबांचे खेळाडू नव्हते, हें खरें. परंतु आठच दिवसांनीं बर्लिनमध्यें जर्मनीविरुद्ध ६–० आणि पुढें बाझलमध्यें स्वित्झर्लंडविरुद्ध ८–१ असे विजय मिळाल्यावर शंकेखोरांचीं तोंडें बंद झालीं. एप्रिल १९३१ पासून लागोपाठ चौदा सामन्यांत हा संघ अजिंक्य राहिला. लोक त्याला 'अद्भुत संघ' म्हणूं लागले.

आणि मग लंडनचें आमंत्रण आलें. सामना ७ डिसेंबर १९३२ रोजीं स्टॅमफर्ड ब्रिज मैदानावर व्हावयाचा होता. ब्रिटिश बेटांबाहेरील कोणत्याहि राष्ट्राच्या संघाला इंग्लंडच्या भूमीवर इंग्लंडचा पराभव तोंवर करतां आला नव्हता. स्पेनचें उदाहरण तर अगदीं ताजें होतें. १९२९ सालीं माद्रिदमध्यें ज्या स्पेननें इंग्लंडला ४–३ असें नमविलें, त्याच स्पेनला १९३१ च्या डिसेंबरांत लंडनमध्यें १–७ असा मार खावा लागला. अडीच वर्षांत स्पेनचे खेळाडू खेळ विसरले होते असें नव्हे. पाण्यांतील मगरीशीं पाण्यांत झुंजण्याचा तो परिणाम होता.

परकें मैदान नेमकें करतें तरी काय? पहिली गोष्ट जमिनीची. डिसेंबरांतील लंडनचें मैदान ओलें, चिखलाचें असावयाचें. चेंडूचें कातडें पाणी पिऊन जड होई आणि हळुवार पास मध्येंच अडे. दुसरी गोष्ट चालीरीतींची. नियम सर्वत्र एकच असले तरी इंग्लंडमध्यें खांद्यानें धक्का देणें, एवढेंच नव्हे तर गोलरक्षकाला धडक देणें, हेंहि रास्त समजलें जाई. युरोप खंडावरील पंच गोलरक्षकाला अधिक जपत. तिसरी गोष्ट प्रवासाची. आणि चौथी प्रेक्षकांची. प्रेक्षकांचा गलका केवळ खेळाडूंवरच नव्हे, तर पंचांच्या निर्णयांवरहि परिणाम करतो. २०२० सालीं महामारीमुळें युरोपांत रिकाम्या मैदानांवर सामने खेळले गेले, तेव्हां यजमान संघांचा वरचष्मा अनेक ठिकाणीं कमी झालेला आढळला, ही गोष्ट ह्या बाबतींत पुरेशी बोलकी आहे.

ह्यांत डावपेचांचा एक अवघड प्रश्न मिसळलेला होता. त्या काळची रूढ मांडणी म्हणजे गोलरक्षकापुढें दोन फुल बॅक, त्यांच्यापुढें तीन हाफ बॅक व सर्वांत पुढें पांच आघाडीचे खेळाडू. १९२५ सालीं ऑफसाइडचा नियम बदलला. पूर्वीं चेंडू मिळणाऱ्या खेळाडूच्या पुढें प्रतिपक्षाचे निदान तीन गडी असावे लागत. आतां दोन पुरेसे झाले. आघाडीला रान मोकळें झालें आणि गोलांची संख्या वाढली. ह्यावर तोड म्हणून आर्सेनल क्लबाचे व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन ह्यांनीं मधल्या हाफ बॅकला मागें ओढून दोन फुल बॅकांच्या मधोमध उभें केलें. हा तिसरा पहारेकरी इंग्लंडमध्यें झपाट्यानें रूढ झाला. व्हिएन्नाच्या संघांत मात्र ह्या मधल्या जागीं खेळणारा स्मिस्टिक पहारेकरी नव्हता. तो संपूर्ण मैदानभर संचार करी, मागें अडवी आणि पुढें पुरवी. त्याला लंडनमध्यें मागें ओढावें, तर बचाव बळकट होई. परंतु झिंडेलारला चेंडू पोंचविणारा हातच तोडल्यासारखें होई. त्याला मोकळा सोडावा, तर इंग्लंडचा मधला आघाडीचा खेळाडू थेट गोलासमोर मोकळा सांपडण्याचें भय. परक्या मैदानावरील सामन्यापूर्वीं होणारे बहुतेक वाद शेवटीं अशाच पेंचाशीं येऊन थांबतात. सावधगिरीची किंमत धडाडीनें मोजावी लागते आणि धडाडीची सावधगिरीनें.

ह्या पेंचांत रसिकाची आणि निवड करणाराची भूमिका सारखी नसते. रसिक खेळाडूला वर्षानुवर्षें दर आठवड्याला पाहतो. कोणाची जोडी कोणाशीं जमते हें त्याच्या डोळ्यांत पक्कें भरलेलें असतें. झिंडेलारच्या बाबतींत कॉफीगृह बरोबर ठरलें तें ह्याच ज्ञानाच्या बळावर. परंतु खेळाडूचा दुखरा पाय किंवा आदल्या रात्रींची अस्वस्थता रसिकाला दिसत नाहीं. आणि अंदाज चुकला तरी त्याची कॉफी कांहीं कडू होत नाहीं. चुकीचा जाब द्यावा लागतो तो माइस्लसारख्यांना.

माइस्लनीं तयारीसाठीं जिमी होगन ह्या इंग्रज शिक्षकाला पाचारण केलें. महायुद्धापूर्वीं व्हिएन्नांत आणि युद्धकाळांत बुडापेस्टमध्यें आंखूड पासांचे धडे देणारा हाच तो होगन. मांडणी मात्र माइस्लनीं बदलली नाहीं. स्मिस्टिक आपल्या जागीं राहिला; झिंडेलार व ग्श्वाइड्ल दोघेहि संघांत राहिले. व्हिएन्ना आपलाच खेळ घेऊन लंडनला गेली.

सामन्याच्या दिवशीं व्हिएन्नाच्या हेल्डनप्लाट्झ ह्या विस्तीर्ण चौकांत ध्वनिवर्धक लावण्यांत आले होते. विली श्मीगर हे लॅटिनचे अध्यापक रेडिओवरून सामन्याचें वर्णन करीत होते आणि डिसेंबरच्या थंडींत हजारों लोक तें कान देऊन ऐकत होते. आरंभ वाईट झाला. पांचव्याच मिनिटाला हॅम्पसननें गोल केला आणि अर्ध्या तासाच्या आंतच दुसराहि केला. ज्या मधल्या वाटेचें भय होतें, त्याच जागेवरील खेळाडूनें हे घाव घातले होते. मध्यंतराला इंग्लंड २–० असें पुढें होतें. परंतु उत्तरार्धांत खेळाचा रंग पालटला. बिचकलेले पाय मोकळे झाले, पासांची वीण पुन्हां जुळूं लागली आणि त्सिशेकनें पहिला गोल परतविला. हाउटनच्या फटक्यानें इंग्लंड ३–१ झालें. झिंडेलारनें तें अंतर पुन्हां एकावर आणलें. क्रूक्सनें तें वाढविलें. शेवटच्या क्षणांत त्सिशेकनें आणखी एक गोल केला. वेळ संपली तेव्हां गोलफलक ४–३ असा इंग्लंडच्या बाजूनें होता.

ह्या निकालावरून दोन्ही पक्षांना आपलेंच खरें म्हणतां येण्यासारखें होतें. पूर्वार्ध पाहावा, तर सावधगिरीचा सल्ला देणारे जिंकले. उत्तरार्ध पाहावा, तर त्यांत ऑस्ट्रियाचे गोल तीन व इंग्लंडचे दोन. म्हणजे आपलाच खेळ खेळा म्हणणारे जिंकले. चारच दिवसांनीं ब्रसेल्समध्यें ह्याच संघानें बेल्जियमला ६–१ असें हरवून परक्या मैदानावर हा खेळ चालतो हें पुन्हां दाखविलें. उलट, ३ जून १९३४ रोजीं जागतिक स्पर्धेच्या उपांत्य सामन्यांत मिलानच्या चिखलानें तोच खेळ रोखला आणि इटलीनें एका गोलानें बाजी मारली. न्यूरेंबर्गच्या बर्फानें जें सांगितलें होतें, तेंच मिलानच्या चिखलानें पुन्हां सांगितलें. १९३८ सालीं ऑस्ट्रिया जर्मनीला जोडला गेला, संघहि नाहींसा झाला, आणि हा प्रश्न व्हिएन्नाच्या हातून अर्धवटच सुटला.

त्याचें उत्तर शेजारच्या हंगेरीनें दिलें. १९५३ च्या नोव्हेंबरांत हंगेरीचा संघ लंडनच्या वेंब्ली मैदानावर उतरला. त्याचे प्रमुख गुस्ताव्ह शेबेश ह्यांनीं वेंब्लीच्या लांबी-रुंदीचें मैदान आंखून घेतलें, इंग्रजी बनावटीचे चेंडू मागविले आणि इंग्रजी धाटणीनें खेळणाऱ्या संघाशीं सराव करविला. म्हणजे मैदानाचा अभ्यास त्यांनीं कसून केला. पण आपला आंखूड पासांचा खेळ तिळमात्र सोडला नाहीं. मधल्या आघाडीच्या जागेवरील हिडेगकुटी मागें सरकून खेळे. त्याच्यामागें जावें तर बचावांत खिंडार, न जावें तर तो मोकळा, अशा कोंडींत इंग्लंडचा पहारेकरी सांपडला. हिडेगकुटीनें तीन गोल केले व हंगेरीनें ६–३ असा विजय मिळविला. युरोप खंडावरील राष्ट्राकडून घरच्या मैदानावर इंग्लंडचा झालेला हा पहिला पराभव.

व्हिएन्नाच्या कॉफीगृहांत जो प्रश्न एक समजून चघळला जात होता, तो वस्तुतः दोन प्रश्नांचा गुंता होता. जमीन, चेंडू, पंचांची रीत, प्रेक्षकांचा कोलाहल ह्या गोष्टी मैदानाच्या आहेत. त्यांची माहिती करून घेऊन त्यांना अंगवळणीं पाडणें हें शहाणपणाचें आहे. कोणी कोणाला चेंडू द्यावा, कोणी कोणासाठीं जागा करावी, ही समजूत मात्र संघाची स्वतःची आहे. ती वर्षानुवर्षांच्या सहवासानें घडते आणि प्रवासाच्या आदल्या दिवशीं बदलूं गेल्यास जुनी जाते व नवी येत नाहीं. पुढच्या सामन्यासाठीं आपला संघ परगांवीं निघाला असतां अकरा नांवांची यादी करणाऱ्या रसिकानें आपल्या मतांतील कोणतें मत मैदानाविषयीं आहे आणि कोणतें खेळाविषयीं, एवढें जरी निवडून पाहिलें, तरी वादाचा निम्मा धुरळा बसेल. उरलेला निम्मा सामन्यापर्यंत उडत राहिला, तर त्यांत फारसें वाईट नाहीं. झिंडेलारला मैदानावर परत आणलें तें अशाच एका धुरळ्यानें.