मोबाइल वाजेल, पण खांबांचं काय?

“सह्याद्री म्हणजे काळा पाषाण. इथं कसला आलाय भूकंप!” पुणे जिल्ह्यातल्या मावळात, लोणावळ्यापासून वडगावपर्यंत, हे वाक्य फार खात्रीनं ऐकायला मिळतं. कोयनाही त्याच सह्याद्रीत आहे, आणि 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगर उद्ध्वस्त झालं. 30 सप्टेंबर 1993 ला हादरलेली किल्लारीही दख्खनच्या याच काळ्या बसाल्टवर वसलेली. त्या पहाटेपर्यंत देशाच्या भूकंप-नकाशात किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या क्षेत्रात होती. सुमारे दहा हजार माणसं गेली. पुढे 2002 च्या नकाशातून ते पहिलं क्षेत्रच वगळलं गेलं आणि पुणे जिल्हा तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या क्षेत्रात दाखवला गेला.

किल्लारीत माणसं मारली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि वरच्या जड माळवदांनी. मावळात पावसामुळे छपरं कौलारू, म्हणजे तुलनेनं हलकी. पण जुन्या घरांच्या भिंती पुष्कळ ठिकाणी तशाच आहेत, दगड आणि माती.

धरणांबद्दलची भीती मात्र जरा जास्तच आहे. कोयनेच्या जलाशयाचा तिथल्या भूकंपांशी संबंध अभ्यासकांनी मांडला आहे, म्हणून प्रत्येक धरण भूकंप आणतं असं नाही. टाटांचं वळवण धरण शंभर वर्षांहून जुनं, पवना धरणालाही पन्नास वर्षं होऊन गेली; कोयनेसारखी मालिका तिथं घडलेली नाही.

दर मोठ्या धक्क्यानंतर व्हॉट्सॲपवर फिरणारा ‘आज रात्री पुन्हा मोठा भूकंप’ हा मजकूर सरळ पुसून टाकावा. दिवस, वेळ आणि ठिकाण सांगून भूकंपाचं भाकीत करणं जगात कुणालाही जमलेलं नाही. पूर्वसूचना ही निराळीच गोष्ट आहे. ती भूकंप सुरू झाल्यावर निघते. जमिनीतून आधी प्राथमिक लहरी धावतात, सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर. खरी मोडतोड करणाऱ्या दुय्यम लहरी मागून येतात, साडेतीन किलोमीटरच्या वेगानं. पहिल्या लहरी उपकरणानं टिपायच्या आणि दुसऱ्या पोहोचण्याआधी लोकांना कळवायचं, एवढाच हा खेळ.

आता हा हिशोब आपल्याकडे लावून पाहू. कोयनानगर ते लोणावळा सरळ रेषेत सुमारे दीडशे किलोमीटर. दुय्यम लहरींना इथं यायला चाळीस-पंचेचाळीस सेकंद लागतील. कोयनेजवळच्या उपकरणांनी पहिल्या काही सेकंदांत धक्का ओळखला आणि संदेश लगेच निघाला, तर लोणावळेकराच्या हाती अर्धं मिनिट उरेल. मात्र तेवढ्या अंतरावर हादरा बराच सौम्यही झालेला असेल. भूकंप मावळाच्याच पोटात झाला, तर सूचना आणि धक्का जवळजवळ एकदमच येतील. नेमकी जिथं सर्वांत जास्त गरज, तिथं ही यंत्रणा दुबळी.

उत्तराखंडानं 2021 मध्ये अशा सूचनेचं ॲप सुरू केलं. 2023 पासून गूगलची अँड्रॉइड फोनवरची सूचनाही भारतात मिळते. त्यासाठी फोनचं इंटरनेट आणि लोकेशन चालू हवं. मोठ्या हादऱ्याची सूचना सायलेंट फोनवरही वाजते. कोयना आणि किल्लारी दोन्ही पहाटे साखरझोपेत झाले, हे लक्षात घेता ही सोय मोलाची. पण ती वाजली की चौथ्या मजल्यावरून जिन्याकडे किंवा लिफ्टकडे पळायचं नाही. खाली बसा, मजबूत टेबलाखाली शिरा आणि त्याचा पाय घट्ट धरून ठेवा.

एवढं करूनही भिस्त शेवटी इमारतीवरच. “आमची बिल्डिंग नवी आहे” हे उत्तर पुरेसं नाही. 2001 च्या कच्छच्या भूकंपात केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतल्या अनेकींच्या तळमजल्यावर भिंती नव्हत्या, नुसते खांब आणि पार्किंग. अशी रचना आज तळेगाव-लोणावळ्यात गल्लोगल्ली दिसते. डोंगरउतारावरच्या बंगल्यांचं दुखणं आणखी वेगळं. दरीच्या बाजूचे खांब लांब, डोंगराच्या बाजूचे आखूड. हादऱ्यात आखूड, ताठ खांबांवर जास्त भार येतो आणि ते आधी फुटतात.

इमारतीचं डोलणं मोजणारे सेन्सर बसवले की काम झालं, हाही गैरसमजच. प्रत्येक इमारतीचा डोलण्याचा स्वतःचा काळ असतो, ढोबळमानानं मजल्यामागे सेकंदाचा दहावा भाग. सांगाडा कमकुवत झाला की हा काळ लांबतो आणि सेन्सर ते दाखवतो. पण खांब दुरुस्त करायला माणूसच लागतो. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार 15 ते 30 वर्षं जुन्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. सुट्टीपुरत्या भाड्यानं दिल्या जाणाऱ्या बंगल्याला सोसायटीच नसेल, तर हा प्रश्न विचारणारंही कुणी नसतं.

15 जून 2025 ला तळेगावजवळ कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. तिथं भूकंप नव्हता. पूल धोकादायक असल्याचा फलक मात्र होता.

तेव्हा सोसायटीच्या येत्या सभेत रंगकामाच्या आधी ऑडिटचा अहवाल मागा. आणि अहवालात खांबांची दुरुस्ती लिहिलेली असेल, तर पैसे आधी तिकडे वळवा.