फुसकारणाऱ्या सापाला समजून घेताना

साप म्हटला की आपल्या सीमाभागातल्या घराघरांत दोनच गोष्टी आठवतात, नागपंचमी आणि काठी. पंचमीला वारुळावर दूध-लाह्या वाहायच्या, शेंगांचे उंडे खायचे, माहेरी आलेल्या लेकींनी जोकालीवर झोके घ्यायचे. आणि चार दिवसांनी परसात साप निघाला की सगळ्या गल्लीने काठ्या घेऊन धावायचे. दगडी नागाची पूजा आणि खऱ्या नागाची हत्या, ही विसंगती बसवण्णांनी बाराव्या शतकातच आपल्या वचनात दाखवून दिली होती. पूजा आणि हत्या यांच्यामध्ये तिसरीही एक वाट आहे. साप हा एक साधा, भित्रा प्राणी आहे हे ओळखून त्याच्याशी वागण्याची.

ही वाट मला जवळून पाहायला मिळाली ती इंग्लंडमध्ये, धाकट्या बहिणीच्या घरी. मी कॉलेजात मराठी शिकवते. प्राणिशास्त्राशी माझा संबंध वाचनापुरताच. गेल्या उन्हाळी सुटीत सहा आठवडे तिच्याकडे राहिले, तेव्हा तिच्या पंधरा वर्षांच्या मुलाने ‘रॉयल पायथन’ जातीचा साप आणलेला होता. अमेरिकेत यालाच ‘बॉल पायथन’ म्हणतात. तिथे असा बिनविषारी साप पाळायला परवाना लागत नाही. मात्र २००६ च्या प्राणी कल्याण कायद्याप्रमाणे त्याला योग्य जागा, योग्य आहार आणि उपचार देण्याची जबाबदारी मालकावर असते. भाच्याने सापाचे नाव ठेवले होते ‘शेषा’.

मी पोहोचले तेव्हा शेषाला येऊन तीन आठवडे झाले होते आणि घरात तंटा पेटला होता. काचेच्या पेटीजवळ कोणी गेले की तो मान मागे वळवून फुसकारायचा. भाच्याच्या हाताला दोनदा चावला होता आणि आल्यापासून त्याने अन्नाला तोंड लावले नव्हते. बहिणीने मला पहिल्याच दिवशी सांगितले, ‘‘अक्का, तूच समजाव याला. या घरात एक तर साप राहील, नाहीतर मी.’’ भाचा रडवेला होऊन म्हणाला, ‘‘मावशी, मी त्याला काहीच केलं नाही. त्याला मी आवडत नाही.’’

शेवटी सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडे आम्ही तिघे गेलो. त्यांनी तपासून सांगितले, साप निरोगी आहे, फक्त भेदरलेला आहे. पुढे तासभर त्यांनी जे समजावले आणि नंतर पाच आठवडे मी जे पाहिले, ते इथे सांगते.

फुसकारणे म्हणजे ‘लांब राहा’

हा साप मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या गवताळ प्रदेशातला. दिवसा उंदरांच्या बिळांत, वाळवीच्या वारुळांत दडून राहणारा. वाढ पूर्ण झाली तरी साधारण तीन ते पाच फूट. शिकारी पक्षी आणि मांसाहारी प्राणी त्याला खातात, म्हणून भीती वाटली की तो डोके मध्ये लपवून अंगाचा चेंडू करतो. ‘बॉल’ हे नाव त्यावरूनच पडले.

असा प्राणी चारी बाजूंनी उघड्या काचेत ठेवला आणि वरून माणसाचा हात आला, तर त्याच्या लेखी ती घारीची झडपच. तो डूख धरत नाही, सूडही घेत नाही. फुसकारणे, मान ‘एस’ अक्षरासारखी वळवणे, घट्ट गुंडाळी करून बसणे या सगळ्याचा अर्थ एकच, ‘लांब राहा’. तेवढ्याने भागले नाही तरच तो चावतो.

चावण्याचेही दोन प्रकार आहेत. भीतीने चावलेला साप झटकन चावून सोडून देतो. भक्ष्य समजून चावलेला साप धरून ठेवतो आणि वेटोळे घालतो. पहिल्यावर उपाय म्हणजे सापाला निर्धास्त करणे. दुसऱ्यावर उपाय म्हणजे हाताला उंदराचा वास राहू न देणे आणि खाऊ घालायला लांब चिमटा वापरणे. भाच्याचे दोन्ही चावे पहिल्या प्रकारचे होते. सुईने ओरखडावे तेवढीच जखम. साबणाने धुऊन जंतुनाशक लावले की झाले.

आधी घर, मग हात

शेषाची पेटी टीव्हीशेजारी होती. आत प्लास्टिकचे एक रोप आणि वर एक दिवा. लपायला जागाच नाही! डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून पेटी भाच्याच्या खोलीत, शांत कोपऱ्यात नेली. तीन बाजूंना काळा कागद लावला. आत दोन गुहा ठेवल्या, एक उबदार टोकाला आणि एक थंड टोकाला. गुहा मोठी नको. अंग भिंतींना टेकेल एवढी अरुंद असली की सापाला सुरक्षित वाटते.

सापाचे शरीर आपल्यासारखी स्वतःची ऊब तयार करत नाही. म्हणून पेटीचे एक टोक ३१ ते ३२ अंश सेल्सिअस आणि दुसरे २५-२६ अंश ठेवायचे, म्हणजे तो हवे तिकडे सरकतो. ऊब मिळाली नाही तर अन्न पचत नाही. उष्णता आपोआप आवरणारा थर्मोस्टॅट नसेल तर साप भाजण्याचाही धोका. हवेत साठ टक्क्यांच्या आसपास ओलावा लागतो, नाहीतर कात तुकड्या-तुकड्यांनी निघते. खाली नारळाच्या काथ्याचा भुसा आणि ताज्या पाण्याचे जड भांडे. एवढा त्याचा संसार.

हात लावण्याची शिस्त

पहिले दोन आठवडे पाणी बदलण्यापलीकडे सापाला अजिबात हात लावायचा नाही, हे भाच्याला सगळ्यात अवघड गेले. त्यानंतरचे नियम त्याने कागदावर लिहून दारावर चिकटवले. सापाने दोन-तीनदा नीट खाल्ल्याशिवाय त्याला उचलायचे नाही. खाल्ल्यावर निदान ४८ तास हात लावायचा नाही, नाहीतर तो अन्न ओकून टाकतो. डोळे दुधाळ-निळसर दिसले म्हणजे कात टाकायची वेळ आली; तेव्हा त्याला नीट दिसत नाही, म्हणून तो जास्तच घाबरतो. त्या दिवसांत लांबच राहायचे.

उचलतानाही पद्धत आहे. वरून डोक्याकडे हात न्यायचा नाही. आधी कागदाच्या सुरळीने अंगाला हलकेच स्पर्श करायचा, म्हणजे ‘हे जेवण नव्हे’ हे त्याला कळते. मग बाजूने, अंगाच्या मध्यभागाखाली हात घालून दोन्ही हातांवर तोलायचे. कुठेही लोंबकळू द्यायचे नाही आणि मान आवळायची नाही. सुरुवातीला पाच मिनिटे, आठवड्यातून दोन-तीनदाच. तो फुसकारला तर हात झटकायचा नाही. स्तब्ध राहायचे आणि तो शांत झाला की परत ठेवायचे.

असा साप माणसावर कुत्र्यासारखी माया करत नाही, हे डॉक्टरीणबाईंनी भाच्याला स्पष्ट सांगितले. तो आपल्याला ‘आवडून’ घेणार नाही, फक्त आपण धोका नाही हे ओळखेल. पोराला ते पचवायला दोन दिवस लागले.

शीतपेटीतला उंदीर

खरा वाद जेवणावरून होता. तिकडे गोठवलेले उंदीर दुकानात मिळतात. जिवंत उंदीर देत नाहीत, कारण घाबरलेला उंदीर सापालाच चावून जखमी करतो. पण खवलेल्या नारळाशेजारी आणि पुरणाच्या डब्याशेजारी उंदीर? बहिणीचे म्हणणे मला शंभर टक्के पटले. भाच्याच्या वाढदिवसाच्या पैशांतून वेगळी छोटी शीतपेटी आली. अशा सापांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. म्हणून सापाची भांडी स्वयंपाकघरात धुवायची नाहीत आणि दर वेळी हात साबणाने धुवायचे, हाही नियम झाला. लहान मुले आणि वृद्ध असलेल्या घरांनी तर तो कसोशीने पाळावा.

तिसऱ्या आठवड्यात एका रात्री गरम पाण्यात उबवलेला उंदीर चिमट्याने पुढे धरला आणि शेषाने तो घेतला. भाच्याने रात्री अकराला सगळे घर उठवले! या जातीचे साप कित्येक आठवडे उपाशी राहू शकतात. पण वजन उतरू लागले तर डॉक्टरांना दाखवावेच लागते. पाचव्या आठवड्यात त्याने शेषाला प्रथम हातावर घेतले. आजही तो कधीमधी फुसकारतो. फरक एवढाच की आता भाचा त्याचे ऐकतो.

बहिणीने मात्र एक प्रश्न विचारलाच. हा साप वीस ते तीस वर्षे जगतो. पोरगा तीन वर्षांनी कॉलेजसाठी घर सोडेल, मग कोण बघणार? साप असो की कुत्रा, तो घरात आणण्यापूर्वी प्रत्येक आईबापाने मुलाला हा प्रश्न विचारावा.

आपल्याकडे काय?

हे वाचून कोणी इथे साप पाळायला निघू नये. नाग, धामण, अजगर हे आपले साप १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. त्यांना पकडणे, पाळणे, मारणे हा गुन्हा आहे. परदेशी बॉल पायथन बाळगायचा तर २०२४ च्या नियमांनुसार सरकारी पोर्टलवर नोंदणी करावी लागते. आणि ते साप दूध पीत नाहीत, हेही पंचमीच्या निमित्ताने लक्षात ठेवू या. साप मांसाहारी, उपाशी-तहानलेला ठेवला तरच तो पुढे येईल ते पितो, आणि दूध त्याला बाधते.

पण भाच्याने शिकलेला धडा आपल्याला इथे जास्त उपयोगी आहे. तिथे चावला तर ओरखडा, इथे जीव जाऊ शकतो. धामणीला कन्नडमध्ये केरे हावू म्हणतात. ती बिनविषारी आणि उंदीर खाणारी, शेतकऱ्याची मैत्रीण. घोणस म्हणजे कोळकुमंडल, कुकरच्या शिटीसारखी मोठ्याने फुसकारते; नागर हावू फणा काढतो. दोघेही आधी इशाराच देत असतात. मण्यार मात्र रात्री गुपचूप फिरते, म्हणून अंधारात बॅटरी घेऊनच चालावे आणि जमिनीवर झोपताना मच्छरदाणी नीट खोचावी.

साप दिसला की मुलांना आणि कुत्र्याला मागे घ्या, दुरून नजर ठेवा आणि वनखात्याला किंवा जाणत्या सर्पमित्राला बोलवा. कोणाला चावलाच तर कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका, मंत्र घालण्यात वेळ दवडू नका. तो अवयव न हलवता प्रतिविष मिळणारे इस्पितळ गाठा. कर्नाटकात २०२४ पासून सर्पदंशाच्या प्रत्येक रुग्णाची नोंद करणे इस्पितळांना बंधनकारक आहे. सरकारने हा विषय मनावर घेतला आहे, आता घराघरांनी घ्यावा. येत्या पंचमीला उंडे वळताना मुलांना एवढे जरूर सांगा. साप फुसकारला की काठी शोधायची नाही, दोन पावले मागे सरायचे.