गिरणीखालच्या मातीची तपासणी कोणाच्या पैशाने?

मुंबईत हिंदमाता, परळ, लालबाग इथल्या जागेचा चौरस फुटाचा भाव तोंडपाठ असलेले पुष्कळ भेटतील. खालच्या मातीत काय मुरलं आहे, हे सांगणारा कागद मात्र सहसा कोणी मागत नाही. तो तयार करायला पैसे लागतात आणि हाती आल्यावर भाव उतरण्याची भीती असते. जमीन ज्याची, त्यालाच तपासणी नकोशी. म्हणून हा खर्च सरकारने करावा, असा विचार पुढे आला.

कापड गिरणीतल्या कताईखात्याचा आणि साचेखात्याचा त्रास धुळीचा. तो कामगारांच्या फुप्फुसात गेला. जमिनीचा प्रश्न येतो तो डाईंग-ब्लीचिंगच्या खात्यापाशी. तिथे कॉस्टिक सोडा, ब्लीच आणि काही रंग पक्के करायला बायक्रोमेट, म्हणजे क्रोमियम. गटाराला तडा असेल तर ते वर्षानुवर्षं झिरपत राहतं. बॉयलरपाशी कोळशाची राख आणि फर्नेस ऑइल, वाफेच्या नळांवर ॲस्बेस्टॉस, ट्रान्सफॉर्मरखाली जुनं तेल. लालबागला तर गॅस कंपनीही होती. मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ पासून गॅसचे दिवे लागले, आणि तो गॅस कोळसा तापवून काढत. अशा कारखान्यांत डांबर उरतं, गॅस शुद्ध करून वाया गेलेल्या लोहाच्या भुकटीत सायनाइड राहतं. जगभर गॅसच्या जुन्या जागा त्यासाठी कुप्रसिद्ध आहेत. म्हणून इथली प्रत्येक जागा विषारी आहे असं मुळीच नाही. पण नाही, हेही तपासल्याशिवाय म्हणता येत नाही.

तपासणीचा पहिला टप्पा बसून करायचा असतो. गिरणीचे जुने नकाशे, बॉयलरच्या नोंदी, सिटी सर्व्हेचे उतारे काढायचे, मग जागा पायाखाली घालायची. रंगाची पिंपं कुठे रचत, सांडपाणी कुठल्या बाजूने जाई, हे नकाशात नसतं. ते निवृत्त जॉबरला, म्हणजे खात्याच्या मुकादमाला विचारावं. हा टप्पा स्वस्त असतो आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा, कारण बोअर कुठे मारायचे ते यावरून ठरतं.

दुसऱ्या टप्प्यात बोअर मारून वेगवेगळ्या खोलीवरची माती आणि भूजल प्रयोगशाळेत पाठवतात. खरा खर्च इथे. हिंदमाता परिसरात यात एक मेख आहे. मुंबईची बेटं जोडताना इथल्या सखल भागांत भराव पडला, आणि तो भराव स्वच्छच होता याची खात्री कोण देणार? मातीत शिसं सापडलं तर ते गिरणीचं की भरावाचं? म्हणून कुंपणाबाहेरही बोअर घ्यावे लागतात. शिवाय पावसाळ्यात हिंदमाताला पाणी तुंबतं हे सांगायला नकोच. भूजलाचा नमुना कोरड्या दिवसांत एक आणि पावसात एक, असा दोनदा घेतलेला बरा.

सरकारी पैशाने तपासणीचं उदाहरण अमेरिकेचं. तिथे १९८० च्या सुपरफंड कायद्याने सफाईची जबाबदारी जमीनमालकावरही टाकली, तेव्हा जुन्या कारखान्यांच्या जागांना गिऱ्हाईक मिळेना. १९९० च्या दशकात तिथली पर्यावरण संस्था नगरपालिकांना फक्त तपासणीसाठी अनुदान देऊ लागली, आणि २००२ मध्ये त्याला कायद्याचा आधार मिळाला. ज्याने प्रदूषण केलं, त्याला मात्र हे अनुदान नाही.

आपल्याकडे दूषित जागांसाठी केंद्राचे नियम आले ते २४ जुलै २०२५ रोजी. जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित जागा कळवायच्या. मग राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ किंवा नेमलेली तज्ज्ञ संस्था ९० दिवसांत प्राथमिक पाहणी करणार, आणि पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर तपासणी करून जागा दूषित आहे की नाही ते ठरवणार. दूषित ठरली तर ते जाहीर करायचं, तिथला वावर मर्यादित करायचा, आणि जबाबदार कोण ते मंडळाने ९० दिवसांत शोधायचं. खर्च त्याचा, तो सापडला नाही किंवा देऊ शकला नाही, तर केंद्र आणि राज्य यांचा. नियम आले तेव्हा देशात १०३ दूषित जागांची नोंद होती, आणि सफाई सुरू झाली होती अवघ्या सातांवर.

गिरण्यांच्या बाबतीत ‘जबाबदार कोण’ हा प्रश्न फारच अवघड. १९८२ च्या गिरणी संपानंतर कंपन्या बुडाल्या, काही जमिनी राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्या, काही दोन-तीन हातांतून फिरल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियम ५८ मध्ये जमिनीची वाटणी होती: एक हिस्सा पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, उरलेला मालकाला. २००१ च्या बदलाने हे हिस्से फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीवर मोजायचे ठरलं आणि ते आक्रसले. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल उचलून धरला. या सगळ्या वर्षांत भांडण झालं ते किती जमीन मिळणार यावर, कशी मिळणार यावर नाही. बागेसाठी आणि गिरणी कामगारांच्या घरांसाठी येणारा तुकडा ताब्यात घेण्याआधी पालिकेने आणि म्हाडाने आपल्याच पैशाने तिथे बोअर मारायला हवेत. जमीन सार्वजनिक झाल्यावर दोष निघाला, तर सफाईही सार्वजनिक पैशातूनच होणार. त्यात नव्या नियमांनी तपासणीला मुदती घातल्या आहेत. सफाई कधी पुरी व्हावी याला मुदतच नाही.