शेणखत की युरिया? भाताच्या खाचरातला नत्राचा हिशोब

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा लिखित मजकूर.

लांज्याहून एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. "दादा, नोकरी सोडून गावी आलोय. वडिलांची वीस गुंठे भातशेती आहे. यंदापासून युरिया पूर्ण बंद करून फक्त शेणखत टाकलं तर चालेल का?" मी कृषी पदवीधर नाही, बीटेक करून कोड लिहिणारा माणूस. पण आमच्याही घरी कोकणात भात लावतात, आणि हा प्रश्न निम्मा तरी आकडेमोडीचा आहे.

कोकणात सुधारित जातींसाठी शिफारस आहे हेक्टरी १०० किलो नत्राची. हेक्टर म्हणजे साधारण १०० गुंठे, म्हणजे गुंठ्याला एक किलो. तुझ्या वीस गुंठ्यांना वीस किलो. युरियात ४६ टक्के नत्र असतं, म्हणजे ४५ किलोच्या एका गोणीतच काम भागतं. शेणखतात, चांगलं कुजलेलं असलं तरी, नत्र साधारण अर्धा टक्का. वीस किलोसाठी चार टन खत लागेल! त्यातलंही पहिल्या हंगामात थोडंच पिकाच्या हाती लागतं, बाकीचं पुढे हळूहळू सुटतं. दावणीला दोन गुरं असतील तर एवढं खत आणणार कुठून? शिवाय आंब्याची कलमंही त्याच खताकडे डोळे लावून बसलेली.

मग युरियाच बरा? तिथेही गोची आहे. भरल्या खाचरात फोकून टाकलेल्या युरियातलं साधारण तिसरा हिस्सा ते चाळीस टक्के नत्रच भात उचलतं. बाकीचं जातं कुठे? युरियाचा पाण्यात काही दिवसांत अमोनियम होतो. उघडीप पडून ऊन आलं की खाचरातलं शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, पाणी अल्कधर्मी होतं आणि अमोनियाचा वायू होऊन उडून जातो. दुसरी गळती मातीत. वरच्या पातळ थरात ऑक्सिजन असतो, तिथे अमोनियमचं नायट्रेट बनतं. ते खाली चिखलात उतरलं की तिथले जिवाणू त्याचा नायट्रोजन वायू करून टाकतात. आणि तिसरी गळती आपल्याला डोळ्यांनी दिसते. जुलैत एक जोराची सर आली की वरच्या खाचरातलं पाणी बांधावरून खालच्या खाचरात, तिथून वहाळात. तुझ्या पैशाचा युरिया शेजाऱ्याच्या शेतात!

म्हणून दोन्ही एकत्र. सेंद्रिय खत जमिनीत नत्र धरून ठेवतं आणि जिवाणूंना खाऊ घालून हळूहळू सोडतं. युरिया हातात रोख पैसा दिल्यासारखा, पण जपून द्यायला हवा.

याची आपल्याकडची सगळ्यात नेटकी मांडणी म्हणजे डॉ. नारायण सावंत यांची चारसूत्री पद्धत. त्यातली आपल्या कामाची दोन सूत्रं सांगतो. पहिलं, गिरिपुष्प, म्हणजे कुंपणाला असते ती उंदीरमारी. गुंठ्याला ३० किलो ओला पाला लावणीच्या आठवडाभर आधी खाचरात पसरायचा. पानं गळली की काटक्या उचलून सरपणाला न्यायच्या आणि चिखलणी करायची. हा पाला कोवळा, नत्राने भरलेला, त्यामुळे पटकन कुजतो.

दुसरं, युरिया-डीएपीच्या गोळ्या, म्हणजे ब्रिकेट. एक गोळी २.७ ग्रॅमची. रोपं १५ आणि २५ सेंटिमीटर अशी आलटून-पालटून लावायची आणि जवळजवळच्या चार चुडांच्या मध्ये एक गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचायची. तिथे ऑक्सिजन नाही, म्हणून अमोनियम अमोनियमच राहतो आणि मुळं त्याला हळूहळू गाठतात. हेक्टरी ६२,५०० गोळ्या, साधारण १७० किलो, त्यातून नत्र सुमारे ५७ किलो. फोकून द्यायच्या १०० किलोंच्या जागी!

आता खरी अडचण. तुझ्या वीस गुंठ्यांत १२,५०० गोळ्या होतात, म्हणजे तेवढ्या वेळा वाकायचं. लावणीला माणसं मिळत नाहीत तिथे हे सोपं नाही, आणि ही पद्धत घरोघरी न पोचण्याचं मोठं कारण मला तरी हेच वाटतं.

दोन गोष्टी मात्र करू नकोस. कच्चा पेंढा नुसता गाडून लगेच लावणी करू नकोस. त्यात कार्बन भरपूर आणि नत्र कमी, त्यामुळे कुजवणारे जिवाणूच आधी मातीतलं नत्र खातात आणि रोपं पिवळी पडतात. आणि पाला घातल्यावर युरिया पूर्वीइतकाच ठेवू नकोस. भात नुसतं माजतं, करपा येतो, नाहीतर सप्टेंबरच्या वाऱ्यात आडवं होतं.

"पूर्ण बंद" बद्दल एवढंच सांगतो. २०२१ मध्ये श्रीलंकेने रासायनिक खतांची आयात एकदम थांबवली. काही महिन्यांतच निर्णय मागे घ्यावा लागला, तरी भाताचं पीक घटलं ते घटलंच आणि तांदूळ बाहेरून आणावा लागला. देशाला जे झेपलं नाही ते वीस गुंठ्यांवर वर्षभराच्या तांदळाची आशा ठेवणाऱ्या घराने एका हंगामात कशाला करावं?

यंदा दहा गुंठ्यांत वडील करतात तसंच करू दे. उरलेल्या दहात पाला आणि गोळ्या. बी एकच, लावणी एकाच दिवशी. आमच्याकडे याला ए-बी टेस्ट म्हणतात. झोडणीला दोन्हीकडचं भात वेगवेगळं मोज, खर्चात मजुरी धर, आणि आकडे मला पाठव.