इंग्रजी शाळेत बसलेले मूल

इंग्रजी शाळेत जाणारे मूल म्हणजेच इंग्रजी येणारे मूल, अशी समजूत आपल्या शहरात इतकी रूढ झाली आहे की तिची फोड करून पाहावी असे कोणाच्या मनातही येत नाही. गणवेश, टाय आणि तोंडपाठ झालेली दोनचार गाणी एवढ्यावर आईबापांचे समाधान होते. त्यांनी पोटाला चिमटा घेऊन हे केलेले असते, तेव्हा ते व्हावे यात नवल नाही. परंतु या समजुतीची किंमत मुलाला मोजावी लागते, म्हणून तिची थोडी तपासणी करण्याचे आम्ही योजिले आहे. त्यासाठी लांब जायला नको. बोरिवलीची गोराई आपणांस पुरेशी आहे.

गोराई म्हणजे वस्तुतः दोन वस्त्या. खाडीपलीकडची गोराई जुनी. कोळ्यांची व ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांची. अलीकडची गोराई १९८५ नंतरची. जागतिक बँकेच्या कर्जातून मुंबईच्या वसाहतींसाठी जी योजना निघाली, तिच्यात चारकोप व गोराई येथे म्हाडाने लहान लहान भूखंड आखून दिले आणि तेथे घरे उठली. मराठी, गुजराती, हिंदी असे निरनिराळे बोलणारी कुटुंबे शेजारी शेजारी नांदू लागली. दोन्ही तीरांवर आज इंग्रजी शाळेची ओढ सारखीच आहे.

पलीकडच्या तीराची एक गोष्ट येथे नमूद करण्यासारखी आहे. साष्टीवर पोर्तुगीजांचा अंमल १५३४ पासून १७३९ पर्यंत, म्हणजे दोन शतके होता. धर्म बदलला, नावे बदलली. पण घरातली बोली मराठीच राहिली. पुढे १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, या समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे इंग्रजी नाव घेतले, तरीही चुलीपाशी बोलणे मराठीतच चालू राहिले. उलट पाव, बटाटा, चावी, पगार हे पोर्तुगीज शब्द साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी बसले, कारण त्या वस्तू व तो व्यवहार रोज हाताशी होता. ज्या शब्दाला हाताशी काही काम आहे तो शब्द रुजतो. केवळ वरून आलेली भाषा दोनशे वर्षांतही उंबरा ओलांडत नाही. शाळेतल्या इंग्रजीचा विचार करताना हे ध्यानी ठेवणे बरे.

सरकारी धोरण या बाबतीत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेले. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाच्या काळात मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून सुरू करण्याचे ठरले. १९५४ च्या जानेवारीत तर ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा भारतीय मुलांना इंग्रजी शाळांत घेऊ नये, असा हुकूम निघाला. देवळालीच्या बार्न्स शाळेचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले व त्याच वर्षी तो हुकूम रद्द ठरला. पुढे २००० साली महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी हा विषय आला. मुंबई महापालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड व इंग्रजी अशा आठ माध्यमांतून शाळा चालवीत आली. अलीकडे तिने ‘मुंबई पब्लिक स्कूल’ या नावाने इंग्रजी शाळांवर भर दिला आहे. इंग्रजी शाळेचे दार गरिबालाही उघडले, हे चांगलेच झाले. पण दार उघडणे निराळे आणि आत गेलेल्याला तेथले बोलणे समजणे निराळे.

कॅनडातील जिम कमिन्स या अभ्यासकाने १९७९ च्या सुमारास एक भेद मांडला, तो येथे फार उपयोगी पडतो. मैदानावर खेळण्यापुरती, पाणी मागण्यापुरती परकी भाषा मूल दोनेक वर्षांत उचलते. मात्र भूगोल समजण्याइतकी, कारण सांगण्याइतकी, परीक्षेचा प्रश्न उलगडण्याइतकी भाषा येण्यास पाच ते सात वर्षे लागतात. त्याचा हिशेब त्या देशात आलेल्या परदेशी कुटुंबांच्या मुलांवरचा आहे. त्यांच्या कानी दिवसभर, रस्त्यावर व दुकानात, इंग्रजी पडत असते. गोराईच्या मुलाच्या कानी ते शाळेचे पाच तास पडते, आणि त्यातही मधल्या सुट्टीत हिंदी! सहाव्या वर्षी पहिलीत गेलेल्या मुलाचा हिशेब त्याच मापाने केला तरी तो सहावी-आठवीपर्यंत जातो. तोवर त्याच्या गणिताच्या गुणांत गणित किती आणि इंग्रजी किती, हे कोणी सांगावे?

एक साधे उदाहरण घेऊ. आशाजवळ ९ पेरू आहेत आणि बाबूजवळ ६. तर आशाजवळ बाबूपेक्षा किती जास्त, हे इंग्रजीत विचारताना ‘हाऊ मेनी मोअर’ असे म्हणतात. ‘मोअर’ म्हणजे आणखी, एवढे मुलाला ठाऊक असते. ते ९ आणि ६ मिळवून १५ लिहिते व त्याला भोपळा मिळतो. हाच प्रश्न आईने मराठीत विचारावा. ते बोटे न मोजता तीन म्हणेल. ‘टेबल’ म्हणजे मेज हे शिकलेल्या मुलाला तोच शब्द पाढ्यासाठी आला की बुचकळ्यात पडावे लागते. ‘इव्हन’ या शब्दाचा सम संख्येशी काय संबंध, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. अशा दहा ठेचा खाल्ल्यावर मूल प्रश्न विचारणे सोडते. फळ्यावरचे सुबक उतरवून घेते, वही स्वच्छ ठेवते, गप्प बसते. आणि गप्प मूल चाळीसांच्या वर्गात शहाणे समजले जाते. आमच्या मते या साऱ्या प्रकारातील खरी हानी ही आहे.

मराठी शाळेत घातले म्हणजे सारे सुटले, असेही नव्हे. कोळी बोली बोलणाऱ्या मुलाला ‘घनफळ’ हा शब्द परकाच, आणि हिंदी बोलणाऱ्याला तर अधिकच. परंतु तेथे अंतर एका उडीचे असते.

अमेरिकेत ही गोष्ट न्यायालयात जावी लागली. सॅनफ्रान्सिस्कोच्या सरकारी शाळांत सुमारे १,८०० चिनी मुले इंग्रजी न समजता नुसती बसून होती. १९७४ साली ‘लाऊ विरुद्ध निकोल्स’ या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने सर्वानुमते निर्णय दिला. सर्वांना तीच पुस्तके व तेच शिक्षक दिले म्हणजे समान वागणूक झाली असे होत नाही, हे त्याचे सार. आज त्या देशात सरकारी शाळांतील दर दहा मुलांमागे सुमारे एकाची ‘इंग्रजी शिकणारा’ अशी नोंद होते व त्याला साहाय्य देण्याचे बंधन शाळेवर असते. ते नेहमी नीट दिले जाते असे नाही. पण मुलाची गरज निदान कागदावर दिसते.

आपल्याकडे कायद्यात उणे नाही. घटनेचे ३५०-अ हे कलम १९५६ पासून आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेही शक्य तेथवर मातृभाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. मात्र मातृभाषा सोडून आपखुशीने इंग्रजी वर्गात आलेल्या मुलाचे काय करावे, याचा विचार त्यांत नाही. त्यासाठी फार खर्च लागेल असे आम्हांस वाटत नाही. पहिली दोन-तीन वर्षे वाचनाआधी बोलणे यावे. नवी कल्पना आधी घरच्या भाषेत सांगून मग तिचा इंग्रजी शब्द द्यावा, आणि असे करणाऱ्या बाईंना तपासनिसाची भीती नसावी. गणिताचा तोंडी प्रश्न मुलाला कळेल त्या भाषेत विचारण्याची मोकळीक असावी. बालभारतीने पहिलीसाठी मराठी व इंग्रजी जोडीने देणारी पुस्तके काढली, ते पाऊल आम्हांस योग्य वाटते.

घरच्यांविषयी एकच सांगतो. मोडक्या इंग्रजीत मुलाशी बोलण्याचा हट्ट पुष्कळ आईबाप धरतात. आईच्या ओघवत्या मराठीतून मूल कारण, तुलना, शंका, जर-तर हे सारे शिकत असते. तेच पुढे इंग्रजीत उपयोगी पडते. ते काढून घेतले की त्याच्याजवळ धड एकही भाषा उरत नाही.

शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात ‘मातृभाषा’ असा एक रकाना असतो. प्रवेशाच्या वेळी तो भरला जातो आणि दाखला देताना त्याची नक्कल होते. मधल्या दहा वर्षांत त्याकडे सहसा कोणी पाहत नाही. जुलै महिन्यात वर्गशिक्षकांनी ते रजिस्टर मागवून घ्यावे व पालकांना एवढेच विचारावे की घरी इंग्रजी वाचणारे कोणी आहे का. आपल्या चाळीस मुलांपैकी किती जणांना वर्गाबाहेर इंग्रजीचा आधार नाही, हे एका सकाळीत कळेल.